'प्रसिद्ध झाला' या क्रियापदाचा कर्ता : ग्रंथविक्रयाचे श्रम आणि पंडिता रमाबाई

१

मराठी वाङ्मयेतिहासात एखाद्या ग्रंथाची नोंद करताना 'अमुक साली हा ग्रंथ प्रसिद्ध झाला' असे वाक्य आपण सर्रास लिहितो. या वाक्यातील क्रियापद अकर्मक आहे. पाऊस पडला, दिवस मावळला, तसा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथ लिहिणारा कोणी असतो, वाचणारा कोणी असतो. परंतु या दोन क्रियांच्या मध्ये जे काही घडते ते निसर्गक्रमानेच घडते, त्याला करणारा कोणी लागत नाही, अशी आपल्या इतिहासलेखनाची समजूत दिसते. एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांची मुखपृष्ठे मात्र वेगळी भाषा बोलतात. 'अमक्याने अमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले' हा तेथील रूढ प्रयोग आहे. तेथे कर्ता आहे, स्थळ आहे आणि पुष्कळदा किंमतही आहे. 'केले' या सकर्मक रूपाची जागा 'झाला' या अकर्मक रूपाने घेतली, त्याबरोबर श्रमांचा एक संपूर्ण प्रकार आपल्या नजरेआड गेला.

हे श्रम कोणते? छपाईचे आणि बांधणीचे श्रम तर आहेतच. पण त्यांची दखल मुद्रणाच्या इतिहासाने थोडीबहुत घेतली आहे. येथे अभिप्रेत आहेत ते लेखकाने स्वतःच्या ग्रंथासाठी ग्राहक मिळविण्याचे श्रम. लेखक घरोघरी जातो, पत्रे लिहितो, सभांतून बोलतो, आगाऊ वर्गणीदार गोळा करतो, नकार ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मजकूर तितक्याच उत्कटतेने दुसऱ्या माणसाला सांगतो. यात वेळ खर्च होतो हे उघड आहे. त्याहून अधिक खर्च होते ती भावनाशक्ती. आणि तिचा हिशेब कोणत्याही वहीत लिहिलेला नसतो. आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास करताना 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली. ग्राहकासमोर ठरावीक भावना व्यक्त करणे हाच जेथे कामाचा भाग असतो, तेथे ती भावना खरी की खोटी हा प्रश्न गौण ठरतो आणि ती रोज निर्माण करण्याची किंमत कोण मोजतो हा प्रश्न मुख्य होतो. ग्रंथव्यवहाराच्या इतिहासाला ही संकल्पना फारशी लावून पाहिली गेलेली नाही. रॉबर्ट डार्न्टन यांच्या १९८२ मधील सुप्रसिद्ध आकृतीत लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूकदार, विक्रेता आणि वाचक असे एक वर्तुळ आहे. या वर्तुळातील चार-पाच स्थाने जेव्हा एकाच माणसाच्या वाट्याला येतात, तेव्हा ते वर्तुळ राहत नाही; तो त्या माणसाचा दिनक्रम होतो.

मराठी समीक्षेने या विषयाकडे पाठ फिरविली याला कारणे आहेत. सौंदर्यवादी समीक्षेला कलाकृतीच्या घटकांच्या पलीकडे जाण्याचे कारण नव्हते. साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या चळवळीने प्रस्थापित प्रकाशनव्यवहार नाकारला, स्वतः सायक्लोस्टाइल केले, स्वतः वाटले. परंतु 'विकणे' या क्रियेविषयीचा संकोच तिनेही सोडला नाही. उलट न विकले जाण्याला एक नैतिक प्रतिष्ठा दिली. त्यातून आपल्याकडे 'सप्रेम भेट' नावाची एक स्वतंत्र संस्थाच आहे. प्रस्तुत लेखकाने आपला प्रबंध स्वखर्चाने ग्रंथरूपात आणला, त्यानंतरची दोन-तीन वर्षे चर्चासत्रांना जाताना त्याच्या पिशवीत आठ-दहा प्रती असत. परतताना पिशवी रिकामी असे आणि खिसाही. प्रत पुढे करताना किंमत सांगण्यासाठी जी एक क्षणाची धिटाई लागते ती दर वेळी ऐनवेळी सरे आणि हात आपोआप पहिल्या पानावर सप्रेम भेट लिहू लागे. हा अनुभव क्षुल्लक आहे; पण ती क्षणाची धिटाई एखाद्याला तीन वर्षे, परक्या देशात, परक्या भाषेत दररोज धारण करावी लागली असेल तर त्याच्या लेखनाचे काय होते, हा प्रश्न क्षुल्लक नाही. पंडिता रमाबाईंच्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' (१८८७) या ग्रंथाकडे येथे त्या प्रश्नाच्या अनुषंगाने पाहावयाचे आहे.

२

रमाबाईंकडे वळण्यापूर्वी एका परंपरेची नोंद आवश्यक आहे. ग्रंथ आणि श्रोता यांच्यातील आर्थिक संबंध मुद्रणाने निर्माण केला असे मानण्याचे कारण नाही. पुराणिक, कीर्तनकार आणि शाहीर यांच्याकडे तो संबंध होताच. पण त्याची रीत निराळी होती. पुराणिकाला जे मिळते ते पोथीची किंमत म्हणून मिळत नाही. तो मागत नाही. तो सांगतो, आणि ऐकणारा आपल्या पुण्यासाठी देतो. देण्याघेण्याच्या मध्ये धर्माचा पडदा असल्यामुळे दोन्ही बाजूंचा मान राहतो. मुद्रित ग्रंथाने हा पडदा दूर केला. किंमत छापली गेली, आणि मागणे उघडे झाले.

जोतीराव फुले यांनी या संक्रमणातून आपला मार्ग काढला. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू'त छापल्यावर पुढील मजकूर छापणे नारायण मेघाजी लोखंडे यांनी थांबविले, आणि संपूर्ण ग्रंथ जोतीरावांच्या हयातीत पुस्तकरूपाने आला नाही. परंतु तो लोकांपर्यंत गेला नाही असे नव्हे. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी जोतीरावांनी तो वाचून दाखविला. म्हणजे ज्या पुराणिकाच्या वर्गाविरुद्ध ते लिहीत होते त्याच्याच वाचनपद्धतीचा त्यांनी उपयोग केला. फक्त दक्षिणेचा भाग वगळला. त्यांना ते शक्य झाले याचे एक कारण असे की ते स्वतंत्र व्यवसाय करणारे गृहस्थ होते. ग्रंथाने आपले पोट भरावे किंवा संस्था उभी करावी असे ओझे त्यांनी ग्रंथावर टाकले नव्हते. रमाबाईंना ते टाकावे लागले.

३

रमाबाई (१८५८–१९२२) या पुराणिकाच्या कन्या. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे, पुराणे सांगे, आणि श्रोते देतील त्यावर निर्वाह करी. रमाबाईंनी पुढे लिहिलेल्या आठवणींत एक गोष्ट वारंवार येते: १८७० च्या दशकातील दुष्काळात घरातले सगळे सरले, तेव्हाही या कुटुंबाने भीक मागितली नाही. मजुरी करणे कमीपणाचे, आणि मागणे त्याहून कमीपणाचे. आईवडील आणि मोठी बहीण उपासमारीने खंगून गेली. सांगणे आणि मागणे यांतील रेषा न ओलांडण्याची जबर किंमत ज्या घराने मोजली त्या घरातील मुलीला पुढे एका ग्रंथाचे शेवटचे प्रकरण 'आवाहन' म्हणून लिहावे लागले. तिच्या लेखनाचा विचार करताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करता येत नाही.

आपल्या ग्रंथाचा पैसा स्वतःच्या योजनेला लावण्याचा रमाबाईंचा हा पहिलाच प्रसंग नव्हता. पती बिपिनबिहारी मेधावी यांच्या निधनानंतर १८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या. त्याच वर्षी 'स्त्रीधर्मनीति' निघाले, आणि त्याच्या विक्रीतून त्यांनी १८८३ मधील इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च भागविला. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या गेल्या. त्या वर्षीच वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ च्या आरंभी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने त्या फिलाडेल्फियाला पोहोचल्या. मुक्काम थोड्या दिवसांचा ठरलेला होता. तो जवळजवळ तीन वर्षे लांबला. उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा काढावयाची ही योजना याच काळात निश्चित झाली, आणि तिच्या निधीसाठी जून १८८७ मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' छापून निघाले. हे व्यावसायिक प्रकाशनसंस्थेने बाजारात आणलेले पुस्तक नव्हते. फिलाडेल्फियातील एका मुद्रणसंस्थेने ते छापले. खपविण्याचा भार लेखिकेवर होता. आनंदीबाई त्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात निवर्तल्या होत्या. ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ती आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बोडली यांनी.

या प्रस्तावनेचे स्थान केवळ उपचाराचे नाही. जेरार जेनेत यांनी प्रस्तावना, अर्पणपत्रिका, मुखपृष्ठ इत्यादींना संहितेचा उंबरठा म्हटले आहे. येथे त्या उंबरठ्यावर एक महत्त्वाची कामवाटणी झालेली दिसते. रमाबाईंचे चरित्र, म्हणजे वडिलांनी आईला शिकविणे, अरण्यातले वास्तव्य, यात्रा, दुष्काळ, मृत्यू, विवाह, वैधव्य हा सारा अंतःकरण हेलावणारा भाग बोडली यांच्या प्रस्तावनेत येतो. रमाबाईंची स्वतःची प्रकरणे मात्र बाल्य, वैवाहिक जीवन, धर्मातील व समाजातील स्थान, वैधव्य अशा सामान्य शीर्षकांखाली चालतात. त्यांत मनुस्मृतीतील वचने आहेत, त्यांचा अर्थ लावणे आहे, सरकारी आकडे आहेत. स्वतः विधवा असलेली लेखिका वैधव्यावर प्रकरण लिहिते आणि त्यात आपल्या वैधव्याची कहाणी सांगत नाही.

याचे एक ठळक उदाहरण देण्यासारखे आहे. मुलींच्या विवाहांविषयी लिहिताना रमाबाई एक हकीकत देतात. एक गृहस्थ सहकुटुंब यात्रेला निघालेला. गोदावरीच्या काठी मुक्काम. सकाळी स्नानाला आलेल्या एका परक्या माणसाची जात-कुळी विचारून त्याने आपली नऊ वर्षांची मुलगी त्याला देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी लग्न उरकले, आणि मुलगी सुमारे नऊशे मैल दूर गेली. सुदैवाने ती चांगल्या हाती पडली, पण म्हणून बापाचे वर्तन निर्दोष ठरत नाही, एवढा शेरा मारून लेखिका पुढे जाते. ही मुलगी म्हणजे रमाबाईंच्या आई लक्ष्मीबाई, आणि तो परका माणूस म्हणजे त्यांचे वडील. प्रस्तावना लक्षपूर्वक वाचून आलेल्या वाचकाला हे उमगते. रमाबाई ते सांगत नाहीत. आजोबांना दोष देताना त्या नातीचा स्वर लावीत नाहीत, साक्षीदाराचा लावतात.

याला निव्वळ शैलीचा संयम म्हणता येईल काय? व्हिक्टोरियन काळातील विदुषीचा तो शिष्टाचार होता असेही म्हणता येईल. परंतु ग्रंथाबाहेरच्या दिनक्रमाशी ताडून पाहिले असता निराळा अर्थ दिसू लागतो. या काळात रमाबाई गावोगाव व्याख्याने देत होत्या. व्यासपीठावर पांढऱ्या वस्त्रातली हिंदू विधवा उभी आहे हाच व्याख्यानाचा पहिला परिणाम होता. वृत्तपत्रे तिच्या वेषाचे वर्णन करीत. तेथे स्वतःला बाजूला ठेवण्याची सोय नव्हती. श्रोत्यांना योजना ऐकावयाची होती तशी कहाणीही ऐकावयाची होती, आणि आई उपाशी गेल्याची कहाणी बोस्टनला सांगितली म्हणून पुढच्या गावी ती कमी दुखावत नाही. किंवा, याहूनही वाईट, हळूहळू कमी दुखावू लागते. ग्रंथाने या ठिकाणी लेखिकेला थोडा आसरा दिला असे मला वाटते. जे व्यासपीठावर रोज द्यावे लागे ते पानावर द्यावे लागू नये अशी या ग्रंथाची रचना आहे. चरित्र बोडलींच्या हाती, अधिकार मनूच्या वचनांच्या हाती. आणि प्रथमपुरुषी आर्त स्वर हवा तेथे रखमाबाईंचे पत्र. दादाजी-रखमाबाई खटल्याचा मार्च १८८७ मधील निकाल ताजा होता. त्या निकालाविषयीचे रखमाबाईंचे पत्र ग्रंथात उद्धृत केलेले आहे. स्वतःचा 'मी' राखून दुसरीच्या 'मी'ला बोलते करण्याची ही पद्धत आहे. तिच्यात काटकसर आहे, आणि तिच्यामुळे ग्रंथाला एका स्त्रीच्या दुःखाऐवजी एका व्यवस्थेच्या आरोपपत्राचे रूप आले आहे.

शेवटच्या प्रकरणात मात्र पडदा उरत नाही. तेथे योजना आहे आणि मागणी आहे. पुराणिकाची मुलगी मागते. पण तिने मागण्याची रीत बदलली आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. ती दया मागत नाही. शिक्षिका तयार करण्यासाठी ठरावीक मुदतीची मदत मागते. तीर्थक्षेत्रीच्या श्रोत्याला जे पुण्य मिळे त्याच्या जागी येथे कार्यसिद्धीचा हिशेब आहे.

४

वेळेचा प्रश्न याहून सरळ आणि म्हणूनच अधिक कठोर होता. अमेरिकेतील या वर्षांत रमाबाईंनी ग्रंथ लिहिला, किंडरगार्टनची पद्धती शिकली, मराठी मुलींसाठी क्रमिक पुस्तकांची तयारी केली, आणि या सगळ्याच्या मधून पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत प्रवास केला. मार्च १८८८ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेतही त्या बोलल्या. मनोरमा यांतील बराच काळ त्यांच्याजवळ नव्हती. तिला वाँटेजला सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे परत पाठविले होते. रमाबाई आणि जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित करून १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. मुलीवर धर्माचे संस्कार कोणी आणि कसे करावयाचे यावरून दोघींत झालेले वाद त्यात आहेत. हे वाद धर्मशास्त्राचे म्हणून वाचले जातात, आणि ते तसे आहेतही. पण मूल दुसऱ्याच्या घरी ठेवून हिंडणाऱ्या बाईचा त्या घरावर किती अधिकार चालतो हा प्रश्नही त्यांच्या तळाशी आहे. मात्र यावरून रमाबाईंविषयी हळहळ व्यक्त करण्याची घाई नको. व्याख्यानांचे दौरे करणाऱ्या पुरुष लेखकांची मुले त्या वेळी कोणाजवळ होती हे आपण कधी विचारीत नाही.

येथे 'समतोल' या शब्दाविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. लेखकाने लेखन आणि ग्रंथप्रसार यांत वेळेचा व मनाचा समतोल राखावा असे आज सांगितले जाते. तराजूची ही प्रतिमा असे गृहीत धरते की दोन्ही पारडी एकाच माणसाच्या हातात आहेत. इतिहासात दिसते ते निराळे. ओझे तोलले जात नाही; ते दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. रमाबाईंच्या बाबतीत ते काही अंशी बोडलींकडे गेले, काही अंशी जेराल्डिनकडे, काही अंशी पाच-सहा वर्षांच्या मुलीकडे. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाल्यावर ते 'रमाबाई मंडळे' या नावाने गावोगावी निघालेल्या वर्तुळांकडे गेले. या मंडळांच्या सभासदांनी दहा वर्षे वर्गणी देण्याचे वचन दिले. वाङ्मयव्यवहाराच्या दृष्टीने पाहता ही वाचकसंघटना होती: एका ग्रंथाच्या वाचकांनी त्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणाची अंमलबजावणी करण्यासाठी उभारलेली. असे दुसरे उदाहरण मराठी लेखकाच्या ग्रंथाबाबत मला आठवत नाही.

परंतु ज्यांच्या खांद्यावर ओझे जाते त्यांचा हक्कही निर्माण होतो. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले, आणि १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या संशयावरून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागार दूर झाले. सदनात धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती नसावी ही अमेरिकेतील वर्गणीदारांशी झालेली बोली होती; म्हणजे पुण्यातील वादात ब्रुकलिन आणि बोस्टन येथील वाचकही एक पक्ष होते. उलट बाजूने १८९५ मध्ये ब्रुकलिनच्या रमाबाई मंडळाने स्वामी विवेकानंदांच्या विधवाविषयक विधानांना जाहीर आक्षेप घेतला, तेव्हा रमाबाई तेथून हजारो मैल दूर होत्या. ग्रंथ वाचून ज्यांनी ती कहाणी आपली मानली ते आता लेखिकेच्या गैरहजेरीत ती कहाणी चालवीत होते. तिच्या बोलण्याचा शीण त्यांनी वाचविला, आणि तिच्या नावाने काय बोलले जावे यावरचा तिचा ताबाही कमी केला.

मायदेशी परतल्यावर रमाबाईंनी १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला. आठ प्रकरणांच्या या ग्रंथात राज्यव्यवस्था आहे, शिक्षण आहे, स्त्रियांची स्थिती आहे, उद्योगधंदे आहेत. लेखिकेची निरीक्षणशक्ती ताजीतवानी आहे, आणि विनोदही आहे. इंग्रजी ग्रंथाने जे ओझे वाहिले ते या ग्रंथावर नाही, म्हणून त्याचे गद्य इतके मोकळे आहे अशी माझी समजूत आहे. मराठी गद्याच्या इतिहासात त्याला मिळालेली जागा त्याच्या योग्यतेच्या मानाने फार लहान आहे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

५

रमाबाईंची तुलना करावयाची तर ती श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्याशी करता येईल, कारण केतकरांनी आपल्या ग्रंथविक्रयाचा इतिहास स्वतः लिहून ठेवला आहे. कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन १९१२ मध्ये परतलेल्या या समाजशास्त्रज्ञाने मराठीत ज्ञानकोश करावयाचे ठरविले, तेव्हा त्याच्यापाशी ना संस्थानिकाचा आश्रय होता ना विद्यापीठाचा. १९१६ मध्ये नागपूरला त्यांनी ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी स्थापन केली, भाग विकले, वर्गणीदार मिळविण्यासाठी महाराष्ट्र पायाखाली घातला. पहिला खंड १९२० मध्ये निघाला, आणि विसाच्या दशकात तेवीस खंडांचे काम उरकले. १९२७ मधील 'माझे बारा वर्षांचे काम, उर्फ ज्ञानकोश मंडळाचा इतिहास' या पुस्तकाच्या नावातच काळाचा हिशेब आहे.

कंपनीची ही युक्ती केवळ आर्थिक नव्हती. केतकर दारी आले म्हणजे ते आपले पुस्तक घ्या असे सांगत नसत. मंडळाचे काम सांगत. नकार मिळाला तर तो मंडळाला मिळे. 'मी' आणि 'ग्राहक' यांच्यामध्ये एक कायदेशीर व्यक्ती उभी केल्याने लेखकाच्या मनाला जो आडोसा मिळाला तो रमाबाईंना व्यासपीठावर मिळणे शक्य नव्हते. त्यांचे शरीर, वेष आणि वैधव्य हाच त्यांच्या ग्रंथाचा पुरावा होता. केतकरांच्या पदवीचा दाखला पेटीत ठेवता येत होता. शिवाय मंडळात माणसे तयार झाली. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोशाचे काम केले ते याच शाळेतून बाहेर पडून.

विक्रीच्या गरजेची छाप ज्ञानकोशाच्या रचनेवरही आहे असे मला वाटते. अकारविल्हे खंडांच्या आधी केतकरांनी पाच प्रस्तावनाखंड काढले: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. यामागे त्यांची समाजशास्त्रीय भूमिका होती हे निर्विवाद आहे. पण वर्षानुवर्षे वर्गणी भरणाऱ्या माणसाच्या हाती पहिल्या वर्षी 'अ'पासूनचा एक तुकडा देणे आणि स्वतंत्रपणे वाचता येईल असा विचारांचा ग्रंथ देणे यांत फरक आहे. पहिला खंड म्हणजे वर्गणीदारांपुढे केलेले लांबलचक भाषण आहे. आपण कोण, आपले जगात स्थान काय, आणि म्हणून या कामाची गरज काय, असे सांगणारे. रमाबाईंनी मागणी शेवटच्या प्रकरणात ठेवली, केतकरांनी ती प्रस्तावनेत पसरून दिली. 'गोंडवनातील प्रियंवदा' (१९२६) आणि 'ब्राह्मणकन्या' (१९३०) यांसारख्या त्यांच्या कादंबऱ्यांतील पात्रे भेटताक्षणी सिद्धान्त मांडू लागतात, याबद्दल समीक्षकांनी त्यांना पुष्कळ बोल लावले आहेत. भेटेल त्याला बारा वर्षे आपले म्हणणे पटवून देत हिंडलेल्या माणसाच्या कादंबरीत लोक असेच बोलणार. हे मी काहीसे गमतीने म्हणतो; पूर्णपणे गमतीने नाही.

आडोसा मिळाला तरी ओझे कोठेतरी गेलेच. १९२० मध्ये केतकरांनी एडिथ कोहन या जर्मन ज्यू विदुषीशी विवाह केला. त्या शीलवती केतकर झाल्या. परका देश, नवा धर्म, आणि घरात सदैव अपुऱ्या पैशांचा ज्ञानकोश. 'माझे बारा वर्षांचे काम' निघाले त्याच १९२७ साली कलकत्ता विद्यापीठाने विंटरनित्स यांच्या भारतीय साहित्याच्या इतिहासाचा पहिला खंड इंग्रजीत आणला. जर्मनवरून भाषांतर करणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर 'मिसेस एस. केतकर' असे आहे. संस्कृताचे अभ्यासक पिढ्यान्पिढ्या हा खंड हाताळीत आले आहेत. एका घरातून एकाच वर्षी दोन पुस्तके बाहेर पडली. एकात श्रमांचा सविस्तर जमाखर्च आहे, दुसऱ्यात मुखपृष्ठावरचे एवढे नाव. शीलवतीबाईंचे स्वतःचे आत्मकथन मराठीत यायला केतकरांच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षे लागली. ते १९६९ मध्ये निघाले. 'मीच हे सांगितलं पाहिजे' असे त्याचे नाव आहे.